तिसरा ठोका

गैबीचाचा मानमोडीच्या साथीत गेले त्या वर्षी आमच्या बोळात रडायला माणूस उसनं मिळत नव्हतं. ज्याच्या त्याच्या घरी आपापलं रडणं होतं. दसऱ्याच्या सुमाराला ताप आला आणि दिवाळीपर्यंत त्यानं कोल्हापूरची निम्मी शनिवार पेठ झोडपून काढली. त्यामुळं चाचांच्या जाण्याला म्हणावं तसं कुणी रडलं नाही, आणि माझ्या मते पुढचं सगळं त्यातूनच उद्भवलं. माणूस नीट रडून वाटेला लावला नाही तर तो घुटमळतो. याला कुणी भुताखेताच्या गप्पा म्हणतील. म्हणोत. मी माझ्या कानांनी ऐकलेलं सांगते आहे, आणि माझे कान त्या वेळी चांगले तिखट होते.

मी झुंबर. माझे मालक दरबारच्या पागेत घोड्यांना खरारा करायचे, सकाळी जायचे ते दिवेलागणीला यायचे. आमच्या आणि गैबी पिंजाऱ्याच्या घरात एकच कच्च्या विटांची भिंत होती. इकडं मला शिंक आली की तिकडून अमीरबी चाची काहीतरी दुवा पुटपुटायच्या. अशी भिंत असली की शेजाऱ्यांची भांडणं मुद्दाम ऐकावी लागत नाहीत, आपोआप पाठ होतात.

चाचा घरोघर जाऊन गाद्यांचा कापूस पिंजायचे. खांद्यावर ते माणसाएवढं, धनुष्यासारखं पिंजण, त्याला बकऱ्याच्या आतड्याची ताणलेली तात, हातात लाकडी दस्ता. बोळात शिरले की तोंडानं ओरडायचे नाहीत, तातीवर दस्ता मारायचे. तंय, तंय, आणि मग जरा थांबून, तंय. तरुणपणी तालमीत त्यांचा उजवा खांदा निखळला होता. तो नेमका तिसऱ्या ठोक्याला सणकायचा, म्हणून तो ठोका उशिरा पडायचा. कोल्हापुरात पिंजारी काय कमी होते? पण तिसरा ठोका लांबला की बायका चुलीपुढून उठायच्या आणि गाद्या बाहेर काढायच्या. चाचांचा तिसरा यायच्या आत भाकरी उलटून होते, अशी आमच्यात थट्टा चालायची.

गादीची शिवण उसवण्याआधी ते उंबऱ्यात उभे राहून एकच गोष्ट विचारायचे, "उठल्या माणसाची का निजल्या माणसाची?" घरच्या बाईनं "उठल्या माणसाची" म्हटलं की मगच आत हात घालायचे. मेलेल्या माणसाच्या अंगाखालचा कापूस पिंजायचा नाही, ती गादी फकिराला द्यायची नाहीतर नदीला सोडायची, हा त्यांचा नेम होता. गादीत माणसाचा खळगा राहतो, असं ते म्हणायचे. जित्या माणसाचा खळगा दस्त्याच्या दोन फटक्यांत फुगून वर येतो, मेल्याचा येत नाही.

चाचा आजारी पडले तेव्हा नवराबायकोत अबोला होता. तसं त्यांच्या घरी दख्खनी बोलत, पण भांडायचं झालं की दोघंही आमच्यासारखे मराठीत उतरत, आणि मग बोळाला काही झाकून राहत नसे. हे भांडण मात्र कधी नव्हे ते हळू आवाजात झालं होतं, त्यामुळं कशावरून ते मला कळलं नाही. मला एवढंच ऐकू यायचं, "करीम, तुझ्या अब्बांना म्हणावं, भाकरी वाढलीया." लगेच चाचा, "करीम, तुझ्या अम्माला सांग, कालवणात मीठ न्हाय." दोघं हातभर अंतरावर बसलेले आणि करीम मध्ये. करीम हा त्यांचा एकुलता एक लेक, मिसरूड फुटून बरीच वर्षं झालेला, मुकाट्यानं इकडचं तिकडं सांगायचा. असले अबोले कुणाच्या घरी नसतात? दोन दिवसांत सुटतात. हा सुटायच्या आत चाचांना ताप चढला.

चाचींनी त्यांचं सगळं केलं. अंग पुसलं, काढे पाजले, उशाशी बसून राहिल्या. पण तोंड उघडलं नाही. "करीम, म्हणावं कूस बदला." "करीम, म्हणावं दोन घोट घ्या." आणि एका पहाटे करीम असाच निरोप घेऊन उठला, पण तो ऐकायला पलीकडं कुणी उरलं नव्हतं.

चाळिसावा दिवस झाला. जमातीतली वडीलधारी माणसं येऊन म्हणाली, आता गादी फकिराला देऊन टाका. चाची उठल्या, गादीच्या कडेला जाऊन बसल्या आणि तिथून हलल्या नाहीत. त्या दिवसापासून त्यांनी बोलणंच सोडलं. गादीच्या मधोमध चाचांचा खळगा तसाच होता. त्याला त्या हात लावायच्या नाहीत, कुणाला लावू द्यायच्या नाहीत. खाणं म्हणजे दिवसाला चार घास, तेही करीमनं हातापाया पडल्यावर. मी जाऊन बसायची, रागवायची, लाडीगोडी लावायची. त्या माझ्याकडं बघायच्या आणि परत खळग्याकडं. संक्रांतीपर्यंत त्यांची मनगटं काटक्यांसारखी झाली. गादी घरातून गेली नाही तर गादीपायी चाची जाणार, हे बोळात सगळ्यांना दिसत होतं. करीमला तर ते झोपेतही दिसत असणार.

त्यानं बापाचं पिंजण खुंटीवर टांगून ठेवलं होतं. मी एकदा म्हटलं, "आरं, धंदा घरात हाय, हात चालव की."

"हात लावला की ते आवाज करतंय, काकी," तो म्हणाला. "आन आवाज माझा न्हवं."

मग तो नाटकगृहात पडदे ओढायच्या कामाला लागला. तिथं पास्कू मास्तर वाजवायला बसत. मास्तर गोव्याकडचे किरिस्ताव. एके काळी पलटणीच्या बँडमध्ये होते, आता आमच्या बोळाच्या तोंडाशी माडीवर एका खोलीत राहायचे. त्यांच्याकडं एक गिटार होती. बोळात तिला सगळे सायबाची सतार म्हणत. लढाईच्या वर्षांत विलायतेहून तारा यायच्या बंद झाल्या, तेव्हा चाचांनी आपल्या तातवाल्याकडून बारीक ताती वळून आणून मास्तरांना दिल्या होत्या. त्याच अजून तिच्यावर होत्या. आता मास्तरांची बोटं वातानं वाकडी झाली होती. त्यांनी ती गिटार करीमच्या हातात दिली आणि म्हणाले, "शिक. हिला कुणीतरी हात लावायला पाहिजे, नाहीतर लाकूड मुकं होतं."

करीमनं ती घेतली ती काही गवई व्हायला नाही. त्यानं मला सांगितलं, घर खायला उठतं, घरात कसला तरी आवाज पाहिजे. फक्त तो अब्बांचा नको.

आमच्या दोन्ही घरांपुढं एकच कट्टा होता. दुपारी नाटकगृहाला सुट्टी असायची, तेव्हा मास्तर त्याला तिथं बसून शिकवायचे. मी सूप घेऊन माझ्या दारात निवडत असायची, म्हणून मलाही निम्मं शिक्षण फुकट झालं. मास्तरांनी त्याला नवशिक्याचं म्हणून एक गाणं दिलं, त्यांच्या गावच्या होडीवाल्यांचं. दोन पकडींत सगळं गाणं बसतं, शेंबडं पोरही वाजवील, असं म्हणाले. डाव्या हाताच्या तीन बोटांनी ताती एका जागी दाबायच्या ती पहिली पकड, बोटं उचलून दुसऱ्या जागी दाबायच्या ती दुसरी. उजव्या हातानं वरून खाली नुसतं झंकारत राहायचं. झं, झं, झं, झं. बस्स.

शेंबडं पोर वाजवील ते वाजवील, करीमची बोटं चिरून निघाली. तो ती चुन्याहळदीत बुडवून परत बसायचा. मास्तर मांडीवर थाप देत मोजायचे. "डावा हात चुकला तर चुकू दे," ते सांगायचे. "बोट भलतीकडं पडू दे, बेसूर होऊ दे. उजवा हात थांबता कामा नये. तो थांबला की गाणं मेलं."

उजवा हात थांबायचा. पहिल्या पकडीवर दोन झंकार नीट जायचे आणि तिसऱ्याला पकड बदलायची असायची. तिथं बोटं अडकायची, उजवा हात त्यांची वाट बघायचा. झं, झं, आणि मग जरा थांबून, झं.

सूप माझ्या हातात तसंच राहिलं. कुणाला काही म्हणणार, तेवढ्यात समोरच्या धोंडुबाईचं दार उघडलं. ती गादी ओढत बाहेर आली. भर उन्हात उभी राहून तिनं सवयीनं बोळाच्या तोंडाकडं पाहिलं. तिकडं कुणी नव्हतं. मग तिनं करीमकडं पाहिलं, त्याच्या मांडीवरच्या गिटारीकडं पाहिलं, गादी रस्त्यातच सोडली आणि आत जाऊन कडी लावून घेतली.

करीमचा चेहरा पांढराफटक पडला होता. मास्तरांना यातलं काय कळणार? ते म्हणाले, नवशिक्याचं असंच असतं, पकड बदलताना सगळेच थांबतात, चार दिवसांत जाईल. ते खरंही असेल. पण चार दिवसांत ते गेलं नाही. करीमनं पायानं ताल धरून पाहिला. दुसऱ्या पकडीपासून सुरुवात करून पाहिली. मास्तरांच्या माडीवर दार लावून पाहिलं. तिसरा उशिराच. आणि दर वेळी बोळात कुठलं ना कुठलं दार किलकिलं व्हायचं, गादीचं टोक बाहेर यायचं आणि परत आत जायचं.

"म्या थांबत न्हाय, काकी," एकदा तो मला हळूच म्हणाला. "खांदा सणकतोय. तिसऱ्यालाच." आणि त्यानं उजवा खांदा धरून दाखवला. हे पोर जन्मात तालमीची पायरी चढलेलं नव्हतं.

मग व्हायचं तेच झालं. पाण्याच्या हौदावर दुसरा विषय उरला नाही. तालमीतला केरबा येऊन करीमला म्हणाला, "त्ये लाकूड रंकाळ्यात टाक बघू. बाया भ्यात्यात." कुणी ताईत आणायला सांगितलं, कुणी लिंबू उतरायला. मला याचा संताप आला. गैबीचाचांनी जितेपणी कुणाच्या कुत्र्याला हाड म्हटलं नव्हतं, मेल्यावर ते कुणाला काय खाणार होते? असं मी हौदावर चार बायकांत ठणकावलं. घरी येऊन मात्र मी आमची उन्हात टाकलेली गादी आत ओढून घेतली, हेही खरं.

आणि चाची? पहिल्या दिवशी तो उशिराचा झंकार झाला, तेव्हा भिंतीपलीकडं मला हालचाल ऐकू आली होती. मी डोकावले. चाची गादीपासून उठून दाराच्या आड येऊन बसल्या होत्या. डोक्यावरून पदर नीट घेतलेला, मान ताठ. नवरा कामावरून आल्यावर रुसलेली बायको बसते तशा. त्या दिवशी त्यांनी बोटानं खूण करून भाकरी मागितली आणि सबंध खाल्ली.

केरबाच्या बोलण्यानं घाबरून करीमनं मध्ये एक दिवस गिटार बंद ठेवली. चाचींनी पुढचं ताट सरकवून दिलं आणि पाण्यालासुद्धा तोंड लावलं नाही. संध्याकाळी करीमनं निमूटपणे गिटार काढली. आता सांगा, पोरानं करावं काय? वाजवलं तर बाप येतो, न वाजवलं तर आई जाते. तो रोज दुपारी वाजवायचा, खाली मान घालून, आणि वाजवताना एकदाही बोळाकडं बघायचा नाही.

असा शिमगा गेला. ऊन तापलं. एका दुपारी बोळाच्या पलीकडच्या अंगाची रत्नव्वा माझ्या दारात येऊन उभी राहिली. तिचा नवरा शिवाप्पा, गडहिंग्लजकडचा लिंगायत, गुळाचा व्यापार करायचा. तोही मानमोडीतच गेला होता, चाचांच्या थोडे दिवस आधी. तिला दोन लहान मुलं. रत्नव्वा एरवी मोठ्या आवाजाची बाई, पण त्या दिवशी ती कुजबुजत बोलली.

"झुंबरक्का, माझ्यासंगं चल. एकटीला धीर हुईना."

"कुठं?"

"गैबीचाचांच्या घरी. त्ये रोज दुपारी बोलवत्यात. बाकीच्यास्नी वाटतंय आपल्याला. त्ये मलाच बोलवत्यात."

मी तिला हाताला धरून नेलं. करीम कट्ट्यावर वाजवत होता. आम्हाला बघून थांबला, तर आतून चाचींनी जमिनीवर हात आपटला, थांबू नको म्हणून. तो वाजवत राहिला. मी आत जाऊन बसले. रत्नव्वा आत आली नाही. ती उंबऱ्यावरच बसली आणि चाचींच्या पायांकडं बघत बोलली.

शिवाप्पा गेला तेव्हा दोन्ही मुलं तापानं फणफणलेली होती. घरातलं बाकीचं अंथरूण वांत्यांनी नासलं होतं, ते जाळलं. धड म्हणावी अशी एकच गादी होती, शिवाप्पा जिच्यावर गेला ती. घामानं तिचं फळकूट झालेलं. तेवढ्यात चाचांचा ठोका आला. ते दारात आले आणि त्यांनी नेहमीचं विचारलं.

"म्या म्हटलं, उठल्या माणसाची," रत्नव्वा म्हणाली. "खोटं बोलले, अक्का. पोरं भुईवर कुडकुडत हुती. त्यांनी आत हात घातला, माझ्याकडं एकदा बघितलं, आन पिंजाय लागले. सांज व्हायच्या आत गादी शिवून दिली, पोरास्नी आपल्या हातानं तिच्यावर निजवलं. पोरं वाचली. आन त्ये पडले. म्या मारलं त्यांला."

मी चाचींकडं बघायचं टाळत होते. बाईचा शाप वाईट, आणि ही बाई इतक्या महिन्यांत बोललेली नव्हती. मला वाटलं, आता तोंड उघडेल ते रत्नव्वाच्या मुलांवर घसरेल.

"तू न्हाय मारलंस," चाची म्हणाल्या. आवाज गंजलेल्या बिजागरीसारखा निघाला. "त्यांला ठावं हुतं. हात घातल्या घातल्या कळलं हुतं. घरी येऊन मला म्हणाले, आज एका घरात निजल्या माणसाची पिंजून आलोय. घर कुणाचं ते न्हाय सांगितलं. म्या म्हटलं, कळलं हुतं तर का पिंजलीसा? तर म्हणाले, पोरं भुईवर हुती. म्या म्हटलं, आन आमी? आमी कोण? त्यावर बोलले न्हाईत. तवापास्नं म्याबी बोलले न्हाय."

रत्नव्वा हमसून रडायला लागली. चाचींनी तिची समजूत घातली नाही. एवढंच म्हणाल्या, "गादी हाय न्हवं पोरांच्या अंगाखाली अजून? मग ऊठ. पोरं एकटी हाईत घरात." रत्नव्वा डोळे पुसत निघून गेली.

मग चाचींनी गादी ओढत दाराशी आणली. मी मदतीला उठले, तर त्यांनी नजरेनं मला बसवलं. गादीच्या अलीकडं स्वतः बसल्या आणि कट्ट्यावर वाजवायचं थांबून बसलेल्या करीमला म्हणाल्या, "वाजव."

करीमनं वाजवलं. झं, झं, आणि तो उशिराचा झं.

"करीम, तुझ्या अब्बांना म्हणावं," चाचींनी सुरुवात केली. जुन्या सवयीनं करीमचे ओठ हलले. पण निरोप पुढं आला नाही. मग चाची म्हणाल्या, "तू ऱ्हाऊ दे. मधनं हो बाजूला."

त्यांनी पदर सारखा केला. "अवं," त्या म्हणाल्या.

दिवाळीच्या आधीपासून ती हाक भिंतीतून आली नव्हती. त्या खळग्याकडं बघत बोलत होत्या, आणि दर वाक्यानंतर तिसऱ्या झंकारासाठी जागा सोडत होत्या. आधी बारीकसारीक काढलं. शाहूवाडीला बहिणीच्या लग्नाला नेलं नाही ते. कौलं फुटलेली असून तीन पावसाळे नुसती बघत बसलासा ते. दुनियेच्या गाद्या पिंजलासा आन घरच्या गादीत गाठीच गाठी, ते. चांगलं ठसक्यात भांडत होत्या. मला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही आलं. करीम मान खाली घालून वाजवत होता आणि त्याच्या कपाळावरून घाम नाकाच्या शेंड्यावर येत होता.

मग त्यांचा आवाज उतरला.

"लोकांच्या पोरांची कीव आली. बरं केलासा. पण मला एकदा इचारायचं हुतं. म्या काय न्हाय म्हटलं असतं?"

झं, झं. झं.

"म्हटलं असतं. न्हायच म्हटलं असतं. म्हणून तर इचारलं न्हाईसा, व्हय का न्हाय?"

झं, झं. झं.

"मला त्येचा राग न्हाय ऱ्हायला. हाय त्यो माझाच मला." त्यांनी पहिल्यांदाच खळग्यावर हात ठेवला. "त्या पहाटेला तुमी मला हाक मारलासा. करीमला न्हवं, मला. नाव घेऊन. म्या जागी हुते. ऐकलं हुतं. आन म्या काय केलं? करीमला उठवलं आन म्हटलं, इचार काय पायजे. करीम उठून जवळ जाईतवर सगळं सपलं हुतं." त्या खळग्यावर वाकल्या. "आता इचारते. म्याच इचारते. काय पायजे हुतं? सांगा की."

झं, झं.

तिसरा आला नाही. आम्ही वाट पाहिली. करीमचा हात ताती सोडून वर तसाच राहिला होता. मी थांबवला नाही, असं त्यानं मला नंतर शपथेवर सांगितलं. बोळात चिटपाखरू नव्हतं. उन्हानं पत्रा कडकडला तेवढाच आवाज. चाची खळग्यावर हात ठेवून, मान किंचित कलती करून ऐकत राहिल्या, आणि मला वाटलं, देवा, काहीतरी येऊ दे, एकदाच येऊ दे. काही आलं नाही.

"बघितलंस, झुंबर?" खूप वेळानं चाची म्हणाल्या. "गप झाले. जितेपणीबी असंच. उत्तर सुचलं न्हाय की गप."

आणि मग त्या रडल्या. कसं सांगू? इतके महिने साठवलेलं सगळं एकदम बाहेर आलं. एका घरातून दुसऱ्या घरात ऐकू जाईल असं नव्हे, पार हौदापर्यंत जाईल असं. दारं उघडली. धोंडुबाई आली, रत्नव्वा मुलांना घेऊन आली, केरबासुद्धा लांब उभा राहून डोळे पुसू लागला. दिवाळीत जे रडणं आम्हाला परवडलं नव्हतं, ते त्या दुपारी सगळा बोळ बसून रडला. माझ्याही घरात एक पाळणा रिकामा झाला होता त्या मानमोडीत, आणि त्याबद्दल मी कुणाजवळ बोलले नव्हते. मी चाचींच्या मांडीत डोकं घालून रडले.

दिवेलागणीच्या आधी करीमनं फकिराला बोलावून आणलं. गादी गेली. चाची दारापर्यंत गेल्या आणि परत येऊन म्हणाल्या, "भूक लागलीया." मी भाकरी थापल्या. त्यांनी माझ्या भाकरीला नावं ठेवली, तेव्हा मला खात्री पटली की बाई आता जगते.

करीमनं बरेच दिवस गिटारीला हात लावला नाही. मास्तर रागावले, शिकलेलं विसरशील म्हणाले. मग एका दुपारी तो कट्ट्यावर येऊन बसला. मी दारातच होते. त्यानं पहिली पकड धरली आणि सुरू केलं. झं, झं, झं, झं. बोटं आपली आपण उचलली गेली आणि नेमक्या जागी पडली. उजवा हात कुठं अडला नाही. होडीवाल्यांचं ते गाणं पाण्यावरून जावं तसं सरळ गेलं. मी सवयीनं समोर पाहिलं. एकही दार किलकिलं झालं नाही.

मास्तर माडीवरून धडपडत खाली आले. म्हातारा टाळ्या पिटत होता. "आलं, आलं. आता थांबला नाहीस. झालास तू शिकून."

करीम हसला नाही. त्यानं गाणं पहिल्यापासून परत घेतलं, आणि या वेळी तिसऱ्यावर मुद्दाम थांबला. झं, झं, थांबून, झं. मला लगेच कळलं, हे ते नव्हतं. ही नुसती चूक होती. त्यानं परत थांबून पाहिलं, जरा कमी, जरा जास्त. खांदा खाली पाडून पाहिला. मास्तर गोंधळून म्हणाले, "अरे, बरोबर येत होतं की. आता का बिघडवतोस?"

"एकदा ऐकायचं हुतं," करीम म्हणाला.

मास्तर पुटपुटत माडीवर गेले. मी करीमजवळ जाऊन बसले. खरं सांगायचं तर मला वाटत होतं, पोराला आनंद व्हायला हवा. आई सुटली, बाप सुटला, गाणं आलं. मी तसं म्हटलंही.

तो ताती हातानं दाबून बसला होता, आवाज निघू नये म्हणून. "काकी," तो म्हणाला, "अम्माचं म्हणणं म्या अब्बांना सांगितलं. अब्बांचं अम्माला. त्ये गेल्यावरबी त्यांचं म्याच सांगितलं. दोघांचं मिटलं, लई बरं झालं."

त्यानं गिटार मांडीवरून उतरवून कट्ट्यावर ठेवली.

"माझं तेवढं अब्बांना सांगायचं ऱ्हायलं. मला कुणी मधी बसायला न्हवतं."